‘वय झालं, नसा कडक झाल्या’: रक्तवाहिन्यांच्या म्हातारपणात दाहाचा हात किती?

कळमनुरीत कुठल्याही घरात दादींच्या दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा बांधला की पुढचा संवाद ठरलेला असतो. वरचा आकडा १६०, खालचा ७०. कुणीतरी म्हणतं, “खालचा तर ठीक आहे ना? वरचा वयामुळे असतो, या वयात नसा कडक होतातच.” पट्टा सुटतो, चहा येतो, विषय संपतो. हे वाक्य आम्ही आमच्या घरात ऐकलंय, शेजारी ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर स्वतःही म्हटलंय.

यातलं अर्धं बरोबर आहे. वयाबरोबर रक्तवाहिन्या खरंच कडक होतात आणि त्यामुळेच वरचा आकडा चढतो. पण त्या कडक का होतात, आणि एकाच वयाच्या दोन माणसांत एकाच्या आधी आणि दुसऱ्याच्या उशिरा का होतात, हे ‘वय’ या एका शब्दानं सुटत नाही. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वैद्यकशास्त्रानं त्याचं एक मोठं कारण नीट ओळखलं आहे. ते म्हणजे दाह, नसेच्या भिंतीत वर्षानुवर्षं मंद जळत राहणारा. आम्ही डॉक्टर नाही. या विषयावर जे पक्कं माहीत आहे ते आपल्या घरांच्या भाषेत मांडतो आहोत.

भिंतीचे तीन थर

आपण नस म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर प्लास्टिकची नळी येते. ‘ब्लॉकेज’ म्हणजे त्या नळीत कचरा अडकला, असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. हृदयाकडून रक्त नेणारी धमनी ही जिवंत भिंत आहे आणि तिला तीन थर असतात. बाहेरचा थर आधार देतो. मधल्या थरात स्नायू आणि रबरासारखे ताणले जाणारे इलॅस्टिनचे धागे असतात. सगळ्यात आतला थर फक्त एका पेशीच्या जाडीचा. हा पातळ अस्तर खूप काम करतो. तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो, त्यामुळे नस सैल राहते आणि रक्तातल्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत. या वायूचं शरीरातलं काम शोधून काढल्याबद्दल १९९८ चं नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळालं.

इलॅस्टिनची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शरीर हे धागे मुख्यतः बालपणात विणतं. मोठेपणी नवे धागे जवळपास तयार होत नाहीत, मिळालेलं कापड आयुष्यभर वापरायचं. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला मोठी धमनी फुगून परत बसते. हे कापड विरत गेलं की शरीर त्या जागी कोलॅजनचं ठिगळ लावतं. ते मजबूत असतं, पण ताणलं जात नाही. पुढे त्यात कॅल्शियमही बसतं. आता हृदयानं फेकलेला रक्ताचा झोत झेलायला भिंत फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये परत बसून रक्त पुढे ढकलणारी लवचीकताही उरलेली नसते, म्हणून खालचा आकडा उतरतो. दादींचा ‘खालचा ठीक आहे’ हा दिलासा असा फसवा असतो. दोन आकड्यांतला फरक साधारण ४० असावा. तो ६० च्या वर राहू लागला तर मोठ्या धमन्या कडक झाल्याची ती खूण समजतात. १६० आणि ७० मधला फरक ९० आहे.

हकीम मनगट धरून बसायचे तेव्हा ते फक्त ठोके मोजत नव्हते. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात नब्ज तपासण्याच्या दहा बाबी दिल्या आहेत आणि त्यातली एक आहे नसेची भिंत बोटाला सख्त लागते की नरम. हजार वर्षांपूर्वी भिंतीच्या कडकपणाकडे लक्ष होतं. आज तेच यंत्रानं मोजतात: ठोक्याची लाट नसेतून किती वेगानं धावते ते पाहतात. नस जितकी कडक तितका वेग जास्त.

दाह कुठून येतो

पाय मुरगळला की लाल होतो, सुजतो, गरम लागतो, दुखतो. हा दाह आपल्याला दिसतो. तो शरीराचा बचाव आहे, काम झालं की विझतो. नसेतला दाह दिसत नाही, दुखत नाही आणि विझतही नाही. हीच त्याची अडचण.

सुरुवात त्या आतल्या नाजूक अस्तरापासून होते. तंबाखूतली रसायनं, वाढलेली साखर, चढलेलं बीपी, धूर, रक्तातलं जादा एलडीएल कोलेस्टेरॉल यांनी ते दुखावतं. एलडीएलचे कण अस्तराखाली शिरून अडकतात आणि खराब होतात. दुखावलेलं अस्तर मदतीची हाक म्हणून चिकट रेणू बाहेर काढतं, त्यांना पांढऱ्या पेशी चिकटतात, आत घुसतात आणि तिथलं कोलेस्टेरॉल गिळू लागतात. इतकं गिळतात की फुगून बसतात आणि तिथंच मरतात. मरताना आणखी पेशींना बोलावणारी रसायनं सोडतात. आग विझवायला आलेलेच लाकूड टाकत आहेत, असा प्रकार. या रसायनांपैकी इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत पोहोचतं आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडतं. आगीचा धूर घराबाहेर दिसावा तसं हे सीआरपी रक्ताच्या तपासणीत दिसतं.

दाहाच्या पेशी इलॅस्टिन कापणारी विकरंही सोडतात. म्हणजे भिंतीत चरबीचा थर जमणं आणि भिंत कडक होणं, ही दोन वेगळी संकटं असली तरी दोघांच्या मुळाशी हीच आग असते. झटका येतो तेव्हा बहुतेकदा नळी हळूहळू बुजत जाऊन बंद झालेली नसते. दाहानं चरबीच्या गाठीवरची साय पातळ होते, ती फाटते, आणि फाटल्या जागी काही मिनिटांत रक्ताची गुठळी बसते. ‘कालपर्यंत ठणठणीत होता’ असं मय्यतीला जमलेले लोक म्हणतात, त्यामागे अनेकदा हेच घडलेलं असतं.

हे म्हातारपणी सुरू होत नाही. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयाची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय अवघं २२, आणि दर चारातल्या तिघांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. वयाबरोबर शरीरभर वाढत जाणाऱ्या या मंद दाहाला इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली एक नावच दिलं, ‘इन्फ्लमेजिंग’. दाह आणि वार्धक्य यांची ती जोडाक्षरी.

पुण्यातला अभ्यास आणि आपलं पोट

हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध, असं वाटू शकतं. म्हणून पुण्याची गोष्ट. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांचे तीन गट तपासले: खेड्यातले, पुण्याच्या झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे मिळून ही माणसं बारीकच होती, वजन-उंचीचा निर्देशांक म्हणजे बीएमआय मध्यात २१ च्या आसपास. तरी शहरातल्या दोन्ही गटांत सीआरपी, इंटरल्यूकिन-६ यांसारख्या दाहाच्या खुणा खेड्यातल्यांपेक्षा स्पष्ट जास्त होत्या. फरकाचं मोठं कारण होतं अंगातली जास्त चरबी.

बारीक माणसात चरबी कशी? याचं उत्तर याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका फोटोनं दिलं. फोटोत ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही ठेवण घराघरांत आहे. पोटातली चरबी म्हणजे नुसतं साठवण नव्हे. तिच्यात दाहाच्या पेशी घर करतात आणि ती रसायनं रक्तात सोडत राहते. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलते: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत. शिवणकाम करणाऱ्या घरात टेप असतेच, नसेल तर दोरी चालते.

याचा परिणाम वयात दिसतो. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचं मध्यम वय इतर देशांत ५९ होतं, दक्षिण आशियात ५३. म्हणजे आपल्या भागातली नस सहा वर्षं आधी म्हातारी होते. त्रेपन्नाव्या वर्षी बहुतेक घरांत एखादी मुलगी लग्नाची असते, एखादा मुलगा शिकत असतो.

आग विझवली तर?

दाह हे कारण आहे की नुसती सोबत, हा प्रश्न बरीच वर्षं वादात होता. कॅन्टॉस नावाच्या चाचणीनं २०१७ मध्ये तो बराच मिटवला. आधी झटका येऊन गेलेले दहा हजारांवर रुग्ण, सगळ्यांचं सीआरपी वाढलेलं. काहींना कॅनाकिनुमॅब हे फक्त दाह कमी करणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. कोलेस्टेरॉल तसंच राहिलं, तरी झटके, लकवे आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्के कमी झाले. मात्र जीवघेणे संसर्ग थोडे वाढले, आणि औषध इतकं महाग की हृदयासाठी ते वापरात आलंच नाही. दाह हा बचावही आहे. पूर्ण विझवला तर जंतूंना दार उघडं मिळतं.

त्यानंतरची गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी वाटेल, कारण तिच्यात एक ओळखीचं नाव आहे. युनानी औषधांच्या दुकानात ‘माजून सुरंजान’ मिळतं, सांधेदुखी आणि निक्रिस म्हणजे गाऊटसाठी. सुरंजान ही कोल्चिकम जातीच्या वनस्पतीची गाठ. हकिमांनी ती शेकडो वर्षं वापरली. त्याच जातीतून १८२० मध्ये फ्रान्समध्ये कोल्चिसीन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. २०१९ मध्ये कॅनडातून निघालेल्या चाचणीत झटका येऊन गेलेल्या ४,७४५ रुग्णांपैकी काहींना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीन दिलं. पुढच्या हृदयाच्या घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आल्या. २०२० मध्ये दुसऱ्या चाचणीनं दुजोरा दिला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत या कामासाठी त्याला मान्यता मिळाली. पण २०२४ मध्ये सात हजार रुग्णांच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. म्हणजे प्रकरण अजून मिटलेलं नाही.

हे वाचून कुणी अत्तार गल्लीतून सुरंजान आणून खाऊ नये, म्हणून स्पष्ट लिहितो. कोल्चिसीनचा औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत अंतर फार कमी आहे. गाठीत ते किती आहे हे चाखून कळत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर साधा डोसही जीव घेऊ शकतो. हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.

आपली हळद

हिंगोली जिल्ह्यात राहून हळदीवर बोललो नाही तर लेख अपुरा राहील. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कळमनुरी तालुक्यातही उन्हाळा लागता लागता शेताशेतात हळद शिजते. साहजिकच मोबाइलवर ‘हळदीनं ब्लॉकेज उघडतात’ असे मेसेज इथं सगळ्यात लवकर पटतात.

हळदीतला पिवळा घटक कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करतो, हे खरं आहे. पण हळदीत तो साधारण ३ टक्के असतो. म्हणजे भरल्या चमचाभर, ३ ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅम. अभ्यासांत ५०० ते १,००० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त अर्क वापरतात. शिवाय आतडं तो जवळपास शोषतच नाही. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये दिसलं की काळ्या मिरीतल्या पायपरीनबरोबर तो वीसपट शोषला जातो. तेल-मिरी-हळदीची आपली फोडणी त्या अर्थी शहाणी आहे. छोट्या चाचण्यांत कर्क्युमिननं सीआरपी थोडं घटतं. पण हळदीनं झटके कमी झाले, असं दाखवणारी एकही मोठी चाचणी झालेली नाही. जेवणातली हळद चालू ठेवावी, तिच्या भरवशावर गोळी सोडू नये. हळद-मिरीच्या कॅप्सूल तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी त्यांचा खटका उडतो आणि काहींच्या यकृताला त्रास झाल्याची नोंद आहे.

गुडघ्याची गोळी

आमच्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे. ‘दाह वाईट’ एवढंच डोक्यात ठेवलं तर पुढचा विचार असा येतो: गुडघ्यासाठी घेतो ती सूज उतरवणारी गोळी नसांनाही चांगली असणार. अगदी उलट आहे.

डायक्लोफिनॅक आणि त्या कुळातल्या बहुतेक गोळ्या ज्या विकराला अडवतात, तेच विकर नसेच्या अस्तरात रक्त गुठळू न देणारं एक द्रव्यही बनवतं. गुडघ्याचा दाह उतरतो, पण नसेचं ते संरक्षण जातं. याच कुळातली रोफेकॉक्सिब ही गोळी झटके वाढवते असं दिसल्यावर २००४ मध्ये जगभरच्या बाजारातून मागे घेतली गेली. २०१३ मध्ये शेकडो चाचण्यांची एकत्र तपासणी झाली, तेव्हा जास्त डोसच्या डायक्लोफिनॅकनं हृदयाच्या मोठ्या घटना सुमारे एक तृतीयांशानं वाढलेल्या दिसल्या. वर बीपी चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो.

आता आपली घरं बघा. पाच वेळच्या नमाजचा सजदा जमावा म्हणून दादा रोज सकाळी एक गोळी घेतात. सोयाबीन काढणीच्या, हळद काढणीच्या दिवसांत कामाला जाणाऱ्या बायका मेडिकलमधून दोन-दोन रुपयांच्या गोळ्या आणतात. काहींना बाजाराच्या दिवशी सांधेदुखीची पुडी मिळते, आणि तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आमच्या ओळखीतल्या एका घरात तीन वर्षं रोज दोन गोळ्या चालू होत्या. बीपी का उतरत नाही म्हणून औषधं वाढवत गेले, गुडघ्याच्या गोळीबद्दल कुणी विचारलंच नाही आणि घरच्यांनीही सांगितलं नाही, कारण ‘ती काय औषध थोडीच’. दोन-चार दिवसांची गरज वेगळी. महिनोन्महिने घेत असाल तर डॉक्टरांना ती पुढे होऊन सांगा. त्यांच्या सल्ल्यानं पॅरासिटामॉल, शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम असे पर्याय निघतात. नमाज खुर्चीवर बसून पढण्याची सवलत आहेच.

मग वरचा आकडा?

‘वयामुळे असतो’ याला उत्तर १९९१ मध्येच मिळालं आहे. अमेरिकेत साठीपुढचे ४,७३६ लोक घेतले, सगळ्यांचा फक्त वरचा आकडा वाढलेला. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन ही स्वस्त गोळी, लागलं तर आणखी एक. लकवे ३६ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा नस कडक झालेली असली तरी तिच्यावरचा दाब उतरवणं फायद्याचंच. वर १४० किंवा खाली ९०, यांपैकी एकही आकडा दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी ओलांडला तर सरकारी दवाखान्यात दाखवायचं. तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-साखर तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत असते, आशाताई त्यासाठीच घरी फॉर्म भरायला येतात. त्यांना ‘आम्हाला काही नाही’ म्हणून परत पाठवू नका. बीपीलाही काही होत नसतंच, म्हणून तर ते वाढतं.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांबद्दलही दोन शब्द. त्या एलडीएल उतरवतात आणि सीआरपीही. झटका येऊन गेलेल्या माणसानं त्या ‘किडनी खराब होते’ असा मेसेज वाचून बंद करणं, हा आमच्या पाहण्यातला सगळ्यात महाग पडलेला निर्णय आहे.

मिश्री, चूल, हिरड्या, चालणं

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर तो दिसत नाही असं म्हणण्याचं धाडस आम्ही करणार नाही. पण बायकांच्या मिश्रीला तर कुणी तंबाखूच समजत नाही. भाजलेली तंबाखू दातांना, दिवसातून तीन-चार वेळा, आणि वर ‘दात साफ करते’. इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका न चघळणाऱ्यांच्या सव्वादोनपट निघाला. दातच साफ करायचे तर मिस्वाक आहे, ब्रश आहे.

दातांचा आणि नसांचा संबंध थेट आहे. हिरड्यांतून रक्त येणं म्हणजे तोंडात कायमचा दाह. २००७ मध्ये १२० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हिरड्यांचे खोल उपचार केल्यावर सहा महिन्यांनी हातातल्या नसेचं अस्तर जास्त चांगलं काम करू लागलं. घासताना रक्त येत असेल तर ती ‘उष्णता’ नव्हे, दाताच्या डॉक्टरांचं काम आहे.

चुलीच्या धुराचे बारीक कण फुप्फुसातून आत जाऊन दाह वाढवतात. सिलिंडर घरात असूनही भाकरी आणि पाण्यासाठी चूल पेटते, हे आम्हाला माहीत आहे, सिलिंडरचा भावही माहीत आहे. निदान चूल उघड्यावर आणि लहान मुलं-गरोदर बायका लांब.

बेकरीची खारी, वनस्पती तुपातली मिठाई यांतलं ट्रान्स फॅट सीआरपी वाढवतं. सरकारनं २०२२ पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण रमजानमध्ये पुन्हा पुन्हा तापवलेल्या कढईतल्या तेलावर कोण लक्ष ठेवणार? खजूर, फळं, चणे, शोरबा यांचा इफ्तार आपल्याकडे आधीपासून आहेच; समोसा रोजचा नसावा एवढंच.

आणि चालणं. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठ्या कामाच्या, पन्नाशी-साठीच्या पुरुषांनी तीन महिने नियमित झपझप चालल्यावर मानेच्या धमनीची लवचीकता सुमारे पावपट वाढली. विरलेलं इलॅस्टिन परत येत नाही, पण भिंत आणि अस्तर सैल होतात. फजरला मशिदीपर्यंत गाडीवर जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे वाचून थोडं खजील व्हायला हरकत नाही.

बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने जमातीचा २०१७ चा अभ्यास इथं आठवतो. जंत आणि संसर्गांमुळे त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा भरपूर, तरीही तपासलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियमचा कणही नव्हता. दिवसभर हालचाल, कमी एलडीएल, तंबाखू जवळपास नाही. नुसता दाह पुरेसा नसतो, त्याला जळण लागतं.

सीआरपीची तपासणी करावी का?

पॅकेजमध्ये ‘एचएस-सीआरपी’ दिसलं म्हणून सगळ्यांनी करायची गरज नाही. १ च्या आत कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, असं मानतात. पण सर्दी, ताप, दाताचा फोड असला तरी आकडा चढतो. १० च्या वर आला तर आधी संसर्ग शोधायचा आणि बरं झाल्यावर पुन्हा करायची. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि कंबर न मोजता फक्त सीआरपी मोजणं म्हणजे पाया न बघता रंग बघणं.

संसर्गाचा मुद्दा वेगळाही महत्त्वाचा आहे. कॅनडात २०१८ मध्ये दिसलं की फ्लू झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याचा धोका सहापट होतो. जुनी गाठ भिंतीत असतेच, तापाचा दाह तिची साय फाडतो. हजला जाणाऱ्या ज्येष्ठांना निघण्यापूर्वी फ्लूची लस देतात. हृदयरोग किंवा मधुमेह असलेल्यांनी ती घरी राहूनही दरवर्षी घेता येते का, हे डॉक्टरांना विचारावं.

रमजान आणि रात्रीचा छातीचा ‘गॅस’

बीपी-मधुमेहाच्या गोळ्या रोजे सुरू झाल्यावर मनानं पुढेमागे करू नयेत. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन सहरी-इफ्तारच्या वेळा बसवून घ्याव्यात. दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांवर बहुतेकांचं काम भागतं. झटका येऊन थोडेच दिवस झालेल्यांनी रोजा धरावा की नाही, हे आधी डॉक्टरांना आणि मग आपल्या आलिमांना विचारावं. आजाऱ्याला सवलत आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना कुणीतरी प्रेमानं सांगावं लागतं.

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम. मधुमेही माणसाला आणि बायकांना कधी नुसती धाप आणि अस्वस्थपणा. इफ्तारनंतर हे झालं की घरात सोडा आणि ओवा निघतो, तास-दीड तास जातो. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं हे लकव्याचं. दोन्ही वेळी १०८ लावायचा आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, गुडघ्याच्या गोळीसकट, पिशवीत टाकून सोबत न्यायची. ईसीजी जवळच्या सरकारी रुग्णालयात निघतो. पुढे हिंगोली की नांदेड, हे तिथले डॉक्टर ठरवतील.